सीओटू साठवण रिगची चाचणी : आधी वजन जुळवा, मग टक्के सांगा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पदव्युत्तर अभियांत्रिकीच्या चार विद्यार्थ्यांना कॉलेजच्या प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडमध्ये (सीओटू) ऊर्जा साठवणारी छोटी रिग, म्हणजे चाचणीची मांडणी, उभारायची आहे. कॉम्प्रेसरने वायू दाबायचा, थंड करून त्याचा द्रव करायचा आणि टाकीत ठेवायचा. दाबताना निघालेली उष्णता गरम पाण्याच्या टाकीत राखायची. वीज हवी असेल तेव्हा तीच उष्णता द्रवाला परत द्यायची आणि वायू एक्स्पांडरमधून, म्हणजे फैलावणाऱ्या वायूपासून वीज काढणाऱ्या यंत्रातून, सोडायचा. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत : काय काय मोजायचे, लेखांत दिसणारी ६० ते ७५ टक्के कार्यक्षमता (घातलेल्या विजेपैकी परत मिळणारा वाटा) आम्हाला मिळेल का, आणि सुरक्षिततेसाठी काय करावे.

माझी वीसेक वर्षे कॉम्प्रेसर आणि उच्च दाबाच्या वायूंच्या चाचण्यांत गेली आहेत, त्यातली अलीकडची काही सीओटूवर. मी तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्या दोघांना हात घालू नये असे माझे ठाम मत आहे.

सीओटूला वास नाही, रंग नाही, तो पेटत नाही. रोज सोडा पिणाऱ्या माणसाला त्याची भीती वाटत नाही, आणि धोका तिथेच आहे. तो हवेच्या दीडपट जड असल्याने गळला की जमिनीलगत पसरतो आणि केबलच्या चरात, पंपाच्या खड्ड्यात, तळघरात साचून राहतो. कॅमेरूनमधल्या न्योस सरोवरातून २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री असाच वायू उसळून दऱ्यांमधून खाली वाहत गेला आणि सुमारे १,७०० माणसे मेली. तुमच्या रिगमध्ये तेवढा वायू नसेल, पण बंद खोलीत दोन-तीन माणसांना पुरेल एवढा नक्की असेल.

बऱ्याच प्रयोगशाळांत ऑक्सिजनचा सेन्सर लावतात आणि निश्चिंत होतात. हे चुकीचे आहे. हिशेब करून बघा. खोलीतल्या हवेत ५ टक्के सीओटू मिसळला तर ऑक्सिजन २०.९ वरून साधारण १९.९ टक्क्यांवर येतो. ऑक्सिजनची घंटा सहसा १९.५ ला वाजते, म्हणजे ती गप्पच राहील. पण ५ टक्के सीओटूत माणसाला धाप लागते आणि डोके गरगरू लागते. आठ तासांच्या कामासाठी मान्य मर्यादा ०.५ टक्के आहे आणि ४ टक्क्यांना तर जिवाला तात्काळ धोका मानतात. हा वायू ऑक्सिजन ढकलून देतो म्हणूनच नव्हे, तर स्वतःही शरीराला बाधतो. म्हणून सेन्सर सीओटूचाच हवा, जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीच्या आत हवा, आणि त्याचा दिवा खोलीच्या बाहेर, दाराशी दिसायला हवा. आत जायचे की नाही हे आत गेल्यावर कळून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट दोन व्हॉल्व्हच्या मध्ये अडकलेल्या द्रवाची. २० अंश सेल्सिअसला द्रव सीओटूचा दाब ५७ बार असतो (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब) आणि घनता साधारण ७७३ किलो प्रति घनमीटर. पाइपचा एक तुकडा या द्रवाने काठोकाठ भरून दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद केले आणि तो तुकडा नुसता ३० अंशांपर्यंत तापला, तरी आतला दाब १०० बारच्या आसपास जातो. म्हणजे दर अंशाला चार बारहून जास्त. पुण्याच्या मे महिन्यात सकाळी बंद केलेला पाइप दुपारी कुठे जाईल, याचा अंदाज तुम्हीच करा. द्रव अडकू शकेल अशा प्रत्येक तुकड्यावर छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह हवा. ड्रॉइंगवर बसून लाल पेन्सिलीने असे तुकडे शोधा. प्रत्येक ड्रॉइंगमध्ये सुटून गेलेला एक तरी सापडतो, असा माझा अनुभव आहे.

सेफ्टी व्हॉल्व्हच्या पुढे लांबलचक पाइप जोडून तो छपरावर नेण्याचा मोह होईल. सीओटूचा त्रिबिंदू (जिथे घन, द्रव आणि वायू तिन्ही एकत्र राहतात) ५.१८ बार आणि उणे ५६.६ अंशांवर आहे, त्याखाली द्रव राहूच शकत नाही. द्रव सुटला की पुढच्या पाइपमध्ये ड्राय आइस, म्हणजे गोठलेला सीओटू, होतो, आणि त्याचा गोळा वळणावर अडकला की सेफ्टी व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा. त्यामुळे व्हॉल्व्ह शक्य तो बाहेरच्या टोकालाच बसवा आणि त्यापुढचा पाइप आखूड, सरळ आणि रुंद ठेवा.

रबराच्या ओ-रिंगांबद्दल मला एकदा चांगलाच धडा मिळाला. एका चाचणीनंतर घरी जायची घाई होती म्हणून आम्ही ६० बारची टाकी दहा मिनिटांत मोकळी केली. दुसऱ्या दिवशी सगळे सांधे गळत होते. उघडून बघितले तर ओ-रिंगांना पुरीसारखे फोड आलेले. दाबाखाली सीओटू रबरात मुरतो आणि दाब झटकन उतरवला की बाहेर पडायला वाट न मिळाल्याने रबर आतून फाडतो. तेव्हापासून मी शक्य तिथे पीटीएफईची (टेफ्लॉनची) सील वापरतो आणि दाब टप्प्याटप्प्याने, तासभर घेऊन उतरवतो.

आणि कागदपत्रे. दाबाच्या टाक्यांना परवानगी देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. टाकीच्या आकारानुसार गॅस सिलिंडर नियम, २०१६ किंवा स्थिर व फिरत्या प्रेशर व्हेसलचे त्याच वर्षीचे नियम लागू होतात. टाकी बनवून घेण्याआधी विचारा, बनवल्यावर नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. मोठ्या प्रमाणावर हे कसे चालते ते माहीत असले की छोट्या रिगवर काय मोजायचे हे समजते. इटलीतल्या एनर्जी डोम या कंपनीने सार्डिनिया बेटावर ओत्ताना इथे २.५ मेगावॉट, ४ मेगावॉट-तासांचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला आणि जून २०२२ मध्ये त्याची घोषणा केली. तिथे एक प्रचंड फुगीर घुमट आहे. त्यात सीओटू वातावरणाच्याच दाबाला असतो. वीज स्वस्त असताना तो सुमारे ७० बारपर्यंत दाबून द्रव केला जातो, आणि मागणीच्या वेळी उलट फिरवून टर्बाइनमधून परत घुमटात सोडला जातो. वायू बाहेर जात नाही आणि काही जळत नाही. त्यानंतरच्या २०० मेगावॉट-तासांच्या आराखड्याला सुमारे २,००० टन सीओटू लागतो. वातावरणाच्या दाबाला तो दहा लाख घनमीटरहून जास्त जागा घेईल आणि द्रव केला की तीन हजार घनमीटरांच्या आत मावेल. आपल्याकडे एनटीपीसीने विजयपुरा जिल्ह्यातल्या कुडगी औष्णिक केंद्रासाठी १६० मेगावॉट-तासांच्या अशाच प्रकल्पाचे काम त्रिवेणी टर्बाइनला दिले आहे. म्हणजे सोलापूरच्या पलीकडे काही तासांच्या अंतरावर हा विषय प्रत्यक्षात येतो आहे. तुम्ही आज जे शिकाल त्याला उद्या तिथे काम मिळू शकते.

हवेऐवजी सीओटू का, याचे खरे कारण त्याचा क्रांतिक बिंदू, म्हणजे ज्याच्या वरच्या तापमानाला वायूचा द्रव होतच नाही तो : ३१ अंश आणि ७३.८ बार. हवा द्रव करायला उणे १९० अंशांच्या आसपास जावे लागते. सीओटू साध्या पाण्याने थंड होऊन द्रव होतो. मात्र साधे पाणी ३१ अंशांच्या बऱ्यापैकी खाली असले तरच. भर उन्हाळ्यात बाहेर ४० अंश असताना नुसत्या हवेच्या कूलरने तुम्ही कितीही दाब वाढवला तरी सीओटूचा द्रव होणार नाही. तो दाट होईल, पण वाफ आणि द्रव यांच्यातली रेघच तिथे पुसलेली असते. सुदैवाने दख्खनचा उन्हाळा कोरडा आहे, त्यामुळे कूलिंग टॉवरचे पाणी हवेपेक्षा बरेच थंड मिळते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की तो फायदा जवळजवळ नाहीसा होतो. तुमच्या रिगला छोटा चिलर लावा, पण त्याची वीज हिशेबात धरा. ती सोडून दिलेले निकाल मी पाहिले आहेत.

तर काय मोजायचे? एकच गोष्ट मोजायची मुभा दिली, तर मी टाकीचे वजन मोजेन.

सगळे जण आधी वॉटमीटरकडे धावतात. आत गेलेली वीज, बाहेर आलेली वीज, भागाकार केला की झाली राउंड ट्रिप कार्यक्षमता. पण हा भागाकार तेव्हाच खरा, जेव्हा चक्राच्या शेवटी रिग नेमकी सुरुवातीच्या स्थितीत परत आलेली असेल : टाकीत तेवढाच माल, गरम पाण्यात तेवढीच उष्णता, पोलादाचे तेवढेच तापमान. तसे नसेल तर तुम्ही साठ्यातून उसने घेऊन वीज दाखवता आहात.

उदाहरण घेऊ. समजा चार्जिंगमध्ये ८० किलो सीओटू टाकीत गेला आणि १६ युनिट वीज लागली. डिस्चार्जमध्ये ४.६ युनिट वीज मिळाली. भागाकार जवळपास २९ टक्के. छान. पण वजन बघितले तर टाकीतून ९२ किलो बाहेर गेला होता, कारण परवाच्या चाचणीतला काही आत उरलेला होता. त्या जादा बारा किलोंसाठी आज वीज खर्च झालेलीच नाही. प्रमाणात घटवले तर मिळालेली वीज ४ युनिट आणि कार्यक्षमता २५ टक्के. आता उष्णतेकडे या. २०० लिटर पाण्याची टाकी सुरुवातीला ९० अंशांवर होती, कारण आदल्या रात्री कुणीतरी ‘रिग तयार ठेवू’ म्हणून हीटर लावला होता. चाचणी संपली तेव्हा ती ७० अंशांवर होती. २०० लिटर पाणी २० अंशांनी उतरले म्हणजे सुमारे ४.७ युनिट उष्णता बाहेरून आली. तुम्हाला मिळालेल्या एकूण विजेपेक्षा जास्त! उष्णता आणि वीज यांची किंमत सारखी नसते हे खरे, पण एवढी उसनवारी पोटात घेऊन सांगितलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. हीटरचा हा प्रकार आमच्याकडे खरोखर घडला होता, आणि निकाल पाहून आम्ही दोन दिवस खूश होतो.

म्हणून एकट्या चक्राचा निकाल कधीही देऊ नका. एकामागून एक चक्रे चालवा. पहिली काही चक्रे रिगचे पोलाद आणि उष्णतासाठा तापवण्यातच जातात. मी स्वतःला घातलेली अट अशी : सलग दोन चक्रांच्या शेवटी टाकीचे वजन एका टक्क्याच्या आत जुळले पाहिजे, आणि पाण्याच्या टाकीतल्या प्रत्येक उंचीवरचे तापमान एका अंशाच्या आत. ते जुळेपर्यंतची सगळी चक्रे वहीत लिहायची, पण कार्यक्षमतेत धरायची नाहीत. छोट्या रिगला यासाठी पाच ते दहा चक्रे लागू शकतात, म्हणजे तीन-चार दिवस. मार्गदर्शकांकडून हा वेळ आधीच मागून घ्या.

वजन मोजायला टाकी लोड सेलवर (वजन मोजणाऱ्या सेन्सरवर) बसवा. हे ऐकायला सोपे वाटते, पण टाकीला जोडलेले कडक पाइप दाब वाढला की टाकीला ढकलतात आणि काटा खोटे बोलतो. जोडण्या लवचिक, लांब आणि आडव्या ठेवा. रिकाम्या टाकीत नायट्रोजन भरून दाब चढवत-उतरवत काटा किती सरकतो ते आधी नोंदवा. नायट्रोजनचे वजन हिशेबाने वजा केले की उरलेले सरकणे पाइपचे. याच नायट्रोजनवर चोवीस तासांची गळतीचाचणी उरका, तापमानाची दुरुस्ती धरून.

द्रवाची पातळी दाबातल्या फरकावरून मोजणार असाल तर एक खाच लक्षात ठेवा. २५ अंशांना द्रवाची घनता ७१० आहे आणि त्याच्या वरच्या वाफेची चक्क २४३. पाण्याच्या टाकीत आपण वाफेचे वजन सोडून देतो, इथे ती एक तृतीयांश आहे. म्हणूनच काचेतून टाकी रिकामी दिसते तेव्हाही, तापमान तेवढेच राहिले असेल तर, भरलेल्या मालाच्या एक तृतीयांश माल वाफेच्या रूपात आतच असतो.

याच गोष्टीतून माझ्या मते या विषयातला सर्वांत देखणा प्रयोग निघतो आणि तो तुमच्या आवाक्यातला आहे. दाबलेल्या हवेच्या साठवणीत हवा काढत गेले की दाब उतरत जातो. सीओटू द्रवरूपात असल्याने टाकीचा दाब स्थिर राहतो असे पुस्तकात लिहिलेले असते. तो स्थिर राहतो, पण तापमान स्थिर राहिले तरच. खालून द्रव काढला की वर मोकळी जागा होते आणि ती भरायला द्रव उकळतो. २५ अंशांवर एक किलो द्रव काढला तर आतल्या आत सुमारे अर्धा किलो वाफ होते. तिला लागणारी उष्णता, किलोला सुमारे १२० किलोज्यूल या दराने, उरलेल्या द्रवातून आणि टाकीच्या पत्र्यातून येते. म्हणून द्रव थंड होत जातो आणि दाब उतरतो. २५ अंशांना ६४ बार, २० अंशांना ५७ बार. एवढ्या घसरणीने टर्बाइनची वीज कमी होते. सावकाश काढले तर बाहेरची हवा आणि पोलाद उष्णता पुरवतात, जोरात काढले तर नाही. वेगवेगळ्या वेगाने द्रव काढून दाब, वेगवेगळ्या उंचीवरची तापमाने आणि वजन, तिन्ही सेकंदासेकंदाला नोंदवा. मग टाकीला बाहेरून कोमट पाण्याची जॅकेट लावून तेच पुन्हा करा. एवढ्यावरच चांगला प्रबंध उभा राहतो, आणि यासाठी एक्स्पांडरची गरजही नाही.

एक्स्पांडरचे म्हणाल तर, सीओटूसाठी काही किलोवॉटचा चांगला एक्स्पांडर बाजारात सहज मिळत नाही. त्यामुळे पुष्कळ रिगमध्ये त्या जागी नुसता थ्रॉटल व्हॉल्व्ह (वीज न काढता फक्त दाब उतरवणारा) असतो आणि टर्बाइन असती तर किती वीज मिळाली असती ते गणिताने काढतात. तसे करायला माझी हरकत नाही. पण मग ती ‘मोजलेली’ कार्यक्षमता म्हणू नका. कोष्टकात ‘मोजलेले’ आणि ‘मानलेले’ असे दोन वेगळे रकाने करा. वाचणारा माणूस तुमच्यावर अधिक विश्वास ठेवेल.

कॉम्प्रेसर सुपरमार्केटच्या सीओटू रेफ्रिजरेशनमध्ये वापरतात तसा घ्या. तो तुम्हाला परवडेल. मात्र तो वातावरणाच्या दाबापासून सुरू होत नाही, शोषणाच्या बाजूला २५-३० बार मागतो. म्हणून तुमची रिग घुमटाची नसेल, दोन टाक्यांची असेल, आणि कमी दाबाची टाकी रिकामी होत जाताना कॉम्प्रेसरचे काम क्षणाक्षणाला बदलेल. ओत्तानाच्या घुमटात तो दाब जागचा हलत नाही. हा फरक अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा. शिवाय या कॉम्प्रेसरमधून तेल वाहून येते आणि हीट एक्स्चेंजरच्या आत थर धरते. ऑइल सेपरेटर लावा, आणि काही चक्रांनंतर उष्णतेची देवाणघेवाण घसरताना दिसली तर आधी तेलावर संशय घ्या.

आता उष्णतेच्या मोजमापाविषयी. क्रांतिक बिंदूजवळ सीओटूचे गुणधर्म फार वेगाने बदलतात. ८० बारला ३० अंशांवर घनता सुमारे ७०० आहे, ३५ अंशांवर ४२० आणि ४० अंशांवर २८०. म्हणजे घनता गृहीत धरून चालणारा ऑरिफिस मीटर तिथे निरुपयोगी. थेट वस्तुमान मोजणारा कोरिओलिस मीटर घ्या, महाग असला तरी. याच दाबाला ३५ अंशांच्या आसपास विशिष्ट उष्णता उसळून ३० किलोज्यूल प्रति किलो प्रति अंशाच्या वर जाते, एरवी साध्या वायूत ती एकाच्याही खाली असते. चांगल्या आरटीडीची (तापमानाच्या सेन्सरची) चूकही ०.२ अंश असते. तेवढ्या चुकीने तिथे एन्थाल्पीत, म्हणजे वायूतल्या ऊर्जेच्या हिशेबात, किलोमागे सहा-सात किलोज्यूलचा घोळ होतो. म्हणून सीओटूच्या बाजूची तापमाने आणि दाब या उसळीपासून दूरच्या जागी मोजा, आणि उष्णता मात्र पाण्याच्या बाजूने काढा : पाण्याचा प्रवाह, गुणिले ४.१९, गुणिले तापमानातला फरक. पाणी सरळमार्गी आहे. दोन्ही बाजूंचे आकडे पाच टक्क्यांच्या आत जुळले नाहीत तर पुढे जाऊ नका. गुणधर्मांसाठी श्पान आणि वाग्नर यांचे १९९६ चे समीकरण वापरा. कूलप्रॉप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते आहे. आदर्श वायूचे सूत्र इथे वापरले तर उत्तर दिशेनेही चुकू शकते.

एक सोपी तपासणी रोज सकाळी करा. टाकीत द्रव आणि वाफ दोन्ही आहेत, रात्रभर सगळे शांत होते, तापमान २५ अंश आहे. तर दाब ६४.३ बार असायला हवा. तो ६७ दिसला तर आत हवा शिरली आहे किंवा नायट्रोजन पुरता निघालेला नाही. असा द्रव न होणारा वायू कंडेन्सरमध्ये (सीओटू थंड करून द्रव करणाऱ्या भागात) साचून राहतो आणि तुम्ही कॉम्प्रेसरला दोष देत बसता. ओलाव्याचेही तसेच. पाणी आणि सीओटू मिळून कार्बनिक आम्ल होते आणि साधे पोलाद खाते, शिवाय थंड जागी हायड्रेटचे (पाणी आणि सीओटूच्या बर्फासारख्या घनाचे) खडे होऊन व्हॉल्व्ह अडतो. भरण्याआधी निर्वात पंप लावा, ड्रायर बसवा.

बाकीचे पटकन. सगळ्या यंत्रांची घड्याळे एक करा, कारण पॉवर मीटर आणि डेटा लॉगर यांच्यात अर्ध्या मिनिटाचा फरक असला तरी चढ-उताराच्या वेळचे आकडे बिघडतात. पंप, चिलर, कूलिंग टॉवरचा पंखा, कंट्रोल पॅनेल या सगळ्यांची वीज एकाच मुख्य मीटरमधून जाऊ द्या. आणि भरलेली रिग रात्रभर, मग चोवीस तास तशीच ठेवून उष्णता किती गळते तेही मोजा, कारण साठवण विकत घेणारा हे पहिल्यांदा विचारतो.

उरला तुमचा दुसरा प्रश्न : ६० ते ७५ टक्के मिळतील का? नाही मिळणार. मोठ्या प्रकल्पात कॉम्प्रेसर ८५ टक्के, टर्बाइन ८८, मोटर आणि जनरेटर प्रत्येकी ९६ धरले तर ढोबळ गुणाकार ६९ टक्के येतो. तुमच्या मापाच्या यंत्रांना ६०, ५५, ८८ आणि ८५ धरा. गुणाकार २५ टक्के. कॉम्प्रेसरचा काही तोटा उष्णतेच्या रूपात परत मिळतो, त्यामुळे हा हिशेब काटेकोर नाही, पण अंदाजाला पुरेसा आहे. त्यातून लहान रिगचा पृष्ठभाग तिच्या पोटाच्या मानाने मोठा असल्याने उष्णता जास्त गळते.

तुमच्या मनात भीती असेल की वीस टक्के लिहिले तर परीक्षक काय म्हणतील. त्यांना द्रव हवेच्या साठवणीचे उदाहरण द्या. इंग्लंडमध्ये स्लाव इथे ३५० किलोवॉट, २.५ मेगावॉट-तासांचा प्रायोगिक प्रकल्प चालला. पुढे तो बर्मिंगहॅम विद्यापीठाला दिला गेला. त्याची मोजलेली राउंड ट्रिप कार्यक्षमता होती सुमारे ८ टक्के. चमूने ती लपवली नाही. यंत्रे छोटी होती आणि थंडावा निम्माच परत वापरता येत होता, हे मोजून दाखवले आणि मोठ्या प्रकल्पात कोणता आकडा कसा बदलेल हे त्याच मोजमापावरून मांडले. त्यानंतर मँचेस्टरजवळ पिल्सवर्थला ५ मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला. आठ टक्क्यांचा हिशेब असा उघडपणे मांडलेला असला की तो पुढे नेता येतो.

तुमच्या प्रबंधातही तसेच एक कोष्टक द्या. चार्जिंगला गेलेली एकूण वीज वर लिहा. खाली ती कुठे कुठे गेली ते एकेका ओळीत : मोटर, कॉम्प्रेसर, कंडेन्सरच्या पाण्यात गेलेली उष्णता, टाकीच्या भिंतीतून गळलेली, एक्स्पांडर, सहायक पंप. प्रत्येक आकड्यापुढे त्याची अनिश्चितता. शेवटच्या ओळीत ‘हिशेब न लागलेली’ असा रकाना ठेवा आणि त्यात जे काही उरेल ते प्रामाणिकपणे भरा. मी परीक्षक असलो तर सगळ्यांत आधी तीच ओळ वाचेन. ती पाच टक्क्यांच्या आत असेल, तर कार्यक्षमता वीस आली की पंधरा, याबद्दल मी तुम्हाला एकही प्रश्न विचारणार नाही.